युगांडातला दुखवटा

कोळसा खाणीच्या भांडारात माझी सगळी नोकरी गेली. घुग्घुसच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी खरेदी बघायचो. बोल्ट, बेअरिंग, पट्टे, ग्रीसचे डबे, गमबूट. माल घेऊन आलेला पुरवठादार माझ्या टेबलापुढे उभा राहिला की त्याला घाम फुटायचा, असं मी घरी सांगत असे. खरं म्हणजे त्या शेडमधला पंखा कायम बंद असायचा, त्यामुळे घाम सगळ्यांनाच फुटायचा. पण एकदा मी गमबुटांचा अख्खा ट्रक परत पाठवला होता, कारण सगळे बूट डाव्या पायाचे निघाले. ही गोष्ट मी प्रत्येक लग्नात सांगतो. "अवो, ते तं आंधळ्यालेही समजलं असतं," असं बायको प्रत्येक लग्नात म्हणते.

ही प्रस्तावना एवढ्यासाठी की मला कोणी फसवू शकत नाही, हे मला मनापासून वाटायचं.

आमची एकुलती एक मुलगी बंगळूरूला कॉफी भाजण्याच्या कंपनीत होती. कॉफी भाजण्याचाही पगार मिळतो हे नातेवाइकांना पटवण्यात माझी हयात गेली. अशी ती मुलगी एके दिवशी नोकरी सोडून चंद्रपूरला घरी आली आणि म्हणाली, "बाबा, मी इथंच कॉफी भाजून विकते. एक वर्ष बघते. जमलं तर कायमची इथं, नाही जमलं तर परत जाते."

मी तोंडाने "पाय बा, तुया विचार आहे," असं म्हणालो. पण 'कायमची इथं' हे दोनच शब्द माझ्या कानात राहिले. बायकोने संध्याकाळी पाटोडी केली. आमच्या घरात आनंद जाहीर करण्याची तीच रीत.

मग जुनं यंत्र आलं. आडवं फिरणारं लोखंडी पिंप, खाली गॅस, बाजूला कोंडा पडायचा ट्रे. समोरच्या खोलीतला सोफा मागे गेला आणि यंत्र पुढे आलं. शेजारचे भाऊ कंपाउंडवरून डोकावले. "कॉफी? चंद्रपुरात? इथी मे महिन्यात माणूसच भाजून निंगते, त्याले अलग मशीन काऊन पाह्यजे?"

शेजाऱ्याचं चूक नव्हतं. गाव चहाचं. खाणीतली पाळी संपवून आलेला माणूस कॉफी मागणार नाही, हे मुलीलाही ठाऊक होतं. तिचा सगळा भरवसा नागपूरच्या एका हॉटेलवर होता. बंगळूरूहून येताना तिने युगांडाच्या कच्च्या कॉफीचा नमुना आणला होता, पुडीभर. कच्ची कॉफी दिसायला फिकट हिरवी, वासाला वाळल्या गवतासारखी. बैलाने खावी, माणसाने नाही, असं माझं मत झालं. पण तिने ती भाजली, दळली, वर पाणी ओतलं, आणि स्वयंपाकघरातून बायको धावत आली.

"अवो, कोणं मोहफुलं वाळू घातले?"

"आई, हेच!" मुलगी टाळी वाजवून ओरडली. ही कॉफी फळासकट उन्हात वाळवतात, म्हणून तिला तो वास. गडचिरोलीच्या रानात मोहफुलं वेचलेल्या माणसाला ती प्यायल्यावर घरी आल्यासारखं वाटेल, असं तिचं म्हणणं. नागपूरच्या हॉटेलवाल्याचं लहानपण बहुतेक त्याच वासात गेलं असावं. त्याने एक घोट घेतला आणि सांगितलं, दर महिन्याला हीच द्या, दुसरी नको, दिवाळीच्या आत सुरू करा. त्या ऑर्डरवर तिचं वर्ष उभं होतं. ती मिळाली तर मुलगी चंद्रपुरात राहणार, नाही तर नाही. इतकं सरळ.

कर्नाटकात इतकी कॉफी पिकते, आणि परदेशच्या मालावर एवढा कर, मग युगांडा कशाला, असं ज्याने त्याने विचारलं. मी ऐटीत सांगायचो, "इम्पोर्टेड आहे." वास समजावत बसण्यापेक्षा ते सोपं पडायचं.

आणि मी मुलीला म्हणालो, "भाजणं तुयं, खरेदी माई."

तिने बंगळूरूत फसवणुकीचे किस्से पोत्याने ऐकले होते. नमुना एका मळ्याचा आणि पोती दुसऱ्याच मळ्याची. फोटोतलं गोदाम भलत्याचंच. ओला माल भरलेला, समुद्रात बुरशी धरून आलेला. नुसती वेबसाइट आहे आणि मागे माणूसच नाही. म्हणून आम्ही सगळं तपासलं. युगांडातल्या ज्या पुरवठादाराचा तो नमुना होता, त्याच्याकडून आधी माल घेतलेल्या दोघांना विचारलं. मग त्याला व्हिडिओवर घेतलं आणि माझ्यातला भांडारपाल जागा झाला.

"गोदाम दाखवा. उजवीकडे. आता वर. छत दाखवा, गळतं का ते बघू. आता ते खालचं पोतं काढा. नाही नाही, खालचं! चांगला माल वरच ठेवतात, आम्हाला माहीत आहे."

तो तिशीतला हसरा माणूस. त्याने निमूटपणे खालचं पोतं ओढलं, फाडून दाणे दाखवले. मागे एका पोत्यावर त्याचा म्हातारा बाप लोकरी टोपी घालून बसला होता. ती झाडं त्यानेच लावलेली. त्याने मुलाला काहीतरी सांगितलं आणि मुलगा हसत हसत म्हणाला, "वडील विचारतात, तुम्ही पोलीस आहात का?" म्हाताऱ्याने आम्हाला हात केला. बायकोनेही पदर सावरून त्याला हात जोडले. तिथून पुढे घरात तो 'आपला म्हातारा' झाला.

नागपूरला हॉटेलच्या लोकांना कॉफी करायला शिकवायला जाण्याआधी मुलीने मला बसवून सांगितलं, "बाबा, एकच गोष्ट. खातं बदललं, पैसे दुसरीकडे पाठवा, असा मेल आला तर पाठवायचे नाही. आधी जुन्या नंबरवर फोन लावायचा. आवाज ओळखायचा. मग."

"मले शिकवून राह्यली का तू?" मी म्हणालो. "गमबूट..."

"माहीत आहे, डावे होते," ती म्हणाली आणि बस पकडायला गेली.

ती तिकडे असतानाच मेल आला. पुरवठादाराच्या नेहमीच्याच पत्त्यावरून. आमचा माल, पोती, भाव, सगळं बरोबर. सुरुवातीलाच त्याने लिहिलं होतं की वडील गेले. खातं वडिलांच्या आणि त्याच्या नावाने होतं, ते बँकेने थांबवलं आहे. माल अडकू नये म्हणून पैसे मेव्हण्याच्या खात्यात पाठवाल का? आम्ही सगळे गावी आहोत, अशा वेळी आपल्याला त्रास देतो, माफ करा.

मी बायकोला वाचून दाखवलं. तिने गॅस बंद केला. "आपला म्हातारा? आत्ता तं पोत्यावर बसला होता."

आता मी अगदी खरं सांगतो. मुलीचं वाक्य मला आठवलं. नंबर समोर होता. अंगठा त्याच्यावर होता. आणि तो अंगठा खाली गेला नाही.

याचं कारण सावली तालुक्यातल्या आमच्या गावात आहे. आमच्या घरी तेराव्या दिवसाची तेरवी नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच ती सुटली. आमच्याकडे पुण्यानुमोदन होतं. पण गाव सगळ्यांचं होतं आणि गावाची एक रीत होती. ज्या घरी मयत झाली त्या घरी तेरवी होईपर्यंत घेण्यादेण्याची गोष्ट काढायची नाही. जायचं, बसायचं, गप्प राहायचं, उठून यायचं. एका वर्षी ऐन धान कापणीत आमचा इळा शेजारच्या घरी उसना गेला आणि त्या घरची बाई वारली. धान पिकून लवलेलं. बापाने इळा परत मागितला नाही. तिसऱ्या घरून दुसरा मागून आणला. तो बोथट होता, बापाच्या हाताला फोड आले. पण "मयतीच्या घरी जाऊन लोखंड मागू का मी?" एवढंच तो म्हणाला.

अशा बापाचा मुलगा मी. मयतीच्या घरी फोन करून काय विचारू? की भाऊ, तुमचा बाप खरंच मेला का?

मी बँकेत गेलो. कागद पुढे केले. खिडकीतल्या पोराने विचारलं, "काका, खातं बदललं का?"

"त्याच्या घरी मयत झाली," मी हळू आवाजात सांगितलं.

"अरेरे," तोही हळू आवाजात म्हणाला आणि त्याने शिक्का मारला. तोही आमच्याच भागातला.

रात्री मुलीचा फोन आला तेव्हा मी तिला म्हातारा गेल्याचं सांगितलं, पैसे पाठवल्याचंही सांगितलं. मधलं खात्याचं वाक्य तेवढं गाळलं. तिला हॉटेलात कामं होती, उगाच डोक्याला ताप नको. असे विचार मला वेळेवर बरोबर सुचतात.

मग मी वाट पाहत बसलो. "आपल्या माणुसकीने धीर आला," असा एक मेलही आला, तो मी बायकोला दोनदा वाचून दाखवला. तिकडे कितव्या दिवशी काय करतात हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी आपली इथलीच तेरवी धरली. ती उलटल्यावर, आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, मी जुना नंबर लावला.

पलीकडे एक म्हातारा आवाज आला, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मृताचा भाऊ असावा, असं मी धरून चाललो. माझं इंग्रजी सगळं खाणीच्या पत्रव्यवहारातलं. त्या भाषेत मी म्हणालो, "आपल्या आदरणीय बंधूंच्या दुःखद निधनाबद्दल मी माझ्या व माझ्या कुटुंबाच्या वतीने तीव्र दुःख व्यक्त करतो."

"कोणता बंधू?" आवाज म्हणाला.

"या फोनच्या मालकाचे वडील."

"या फोनच्या मालकाचा बाप मीच आहे."

"नाही, म्हणजे जे वारले ते."

"कधी?"

"दोन आठवडे होत आले."

मग तो म्हणाला, "मला कोणी सांगितलं नाही."

आणि तो हसायला लागला. हसता हसता खोकला. "तू तोच ना, छत दाखवा म्हणणारा?" मीही हसलो. मी बायकोला हाक मारली, "अगं, आपला म्हातारा जिता आहे!" ती हात पुसत आली. आम्हाला त्या क्षणी दुसरं काही दिसतच नव्हतं. एका म्हाताऱ्याला मी चांगलं जिवंत करून घेतलं होतं.

मग त्याने फोन मुलाकडे दिला. मुलाने नमस्कार केला आणि विचारलं, "सर, पैसे कधी पाठवताय? तुमच्या बँकेत उशीर होतो आहे असे तुमचे मेल येतात. माल बांधून तयार आहे."

मी खुर्ची शोधायला लागलो. ती मागेच होती, पण सापडेना.

त्याच्या मेलच्या पेटीत कोणीतरी शिरून बसलं होतं. आमची सगळी पत्रं वाचत होतं, आम्हाला त्याच्या नावाने लिहीत होतं, त्याला आमच्या नावाने. म्हाताऱ्याला त्यानेच मारलं होतं. तो कोण, कुठला, कोणालाच कळलं नाही. पण माणूस हुशार. फोन टाळायचा तर घरात मयत घालावी, हे त्याला कसं सुचलं असेल, याचा मी अजूनही विचार करतो. आमच्या सावलीकडचाच तर नसेल?

बँकेतल्या साहेबांनी पैसे परत मागणारा निरोप पाठवला आणि सांगितलं की त्या खात्यातून ते पुढच्या देशात गेलेत, पुढच्या देशातून काढलेतही. "लगेच आला असता तर काही करता आलं असतं." सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

"विलंबाचं कारण काय लिहू, काका?"

"दुखवटा."

"कोणाचा?"

"कोणाचाच नाही."

त्याने पेन खाली ठेवलं, पाणी मागवलं, आणि मग काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. सही केली.

मुलगी नागपूरहून आली. मी तिला यंत्रासमोरच सांगितलं, गाळलेल्या वाक्यासकट. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"नंबर होता ना तुमच्याजवळ?"

"होता."

"मग काऊन नाई लावला?" बंगळूरू तिच्या तोंडातून एकदम गळून पडलं.

"मयतीचं घर, बेटा..."

"बाबा, आपण तं तेरवी पाळतच नाई!"

"आपण नाई पाळत. त्याइचं मले काय मालूम?"

बायको हसायला लागली. तोंडात पदर कोंबून हसत राहिली, आणि मग ते हसणं नसून दुसरंच काहीतरी आहे हे आम्हाला कळलं. मुलगी उठली, तिने यंत्राचा ट्रे काढला आणि कोंडा झटकावा तसा अंगणात नेऊन झटकला. ट्रे रिकामाच होता. त्या दिवशी काही भाजलंच नव्हतं.

तिकडचा माणूस भला. त्याने माझी माफी मागितली, पेटी त्याची फुटली म्हणून. मी त्याची मागितली, पैसे मी भलतीकडे पाठवले म्हणून. आम्ही दोघं फोनवर एकमेकांना सॉरी म्हणत राहिलो, लग्नात दाराशी आधी तुम्ही आधी तुम्ही करतात तसं. त्याने माल धरून ठेवला, जितका धरता आला तितका. पण झाडं लावणारी, फळं तोडणारी त्याचीही माणसं होती, त्यांना द्यायचं होतं. आमच्याकडे दुसऱ्यांदा द्यायला काही नव्हतं. एक दिवस त्याने कळवलं की पोती दुसऱ्याला गेली. या वेळी मी ताबडतोब फोन करून खात्री केली. खरंच गेली होती.

मुलीने चिकमगळूरची कॉफी मागवून भाजली. हॉटेलवाला म्हणाला, छान आहे, पण ती नाही. चंद्रपुरात दोन कचेऱ्यांनी घेऊन पाहिली. एका साहेबांनी प्रेमाने सल्ला दिला, "बेटा, थोडं दूध जास्त टाक, साखर टाक, अन् हे कॉफी कमी टाक." दिवाळी गेली. तिच्या जुन्या कंपनीचा फोन आला तेव्हा ती बोलायला अंगणात गेली. आमच्या घरात फोनवर बोलायला कोणी अंगणात जात नाही.

नंतर यंत्र पाहायला एक माणूस आला, वर्ध्याकडचा, नवीनच धंदा काढणारा. मुलगी आत कपडे भरत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही दाखवा."

मला वाटलं, एवढं तरी आपल्या हातात आहे. यंत्र विकलं गेलं नाही तर ते दार अडवून राहील, आणि ते राहिलं तर... पुढचं मी मनातही पूर्ण केलं नाही. मी कामाला लागलो.

"पिंप आवाज करते," मी त्याला म्हणालो. "थर्मामीटर खोटं बोलते. गॅसचा वास येते कधी कधी. धूर एवढा होते का शेजारी भांडाले येते. मोटर दोनदा जळली. आणि जुनं आहे, लई जुनं. मी तं म्हणतो, राहू द्या."

यातली एक गोष्ट खरी होती. जुनं होतं.

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. "काका, किती मशिनी पाहून राह्यलो. जो तो म्हणते, एकदम नवी, एकदम नवी. खरं सांगणारा माणूस तुमी पयलाच भेटला." आणि त्याने खिशातून फोन काढला. "खातं सांगा."

पडद्यामागून मुलगी बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, थर्मामीटर कवा खोटं बोललं?" ती एवढंच म्हणाली. माझ्याकडे पाहिलं, आणि थोडं हसली. मग त्या माणसाकडे वळून तिने त्याला सगळं नीट सांगितलं. मोटर चांगली आहे. पट्टा तेवढा जुना आहे, तो बदलून घ्या. गॅस असा धरा.

टेम्पो आला. सगळ्यांनी मिळून यंत्र चढवलं. ती त्याच्याजवळ उभी राहून पिंपावर हात ठेवून समजावत होती, "दाणे तडकायला लागले की पहिल्यांदा आवाज येतो. तेव्हा नुसतं बघत राहू नका, कान लावा. त्या आवाजानंतर घाई करायची नाही. आणि मोहफुलांसारखा वास कधी आला, तर तिथंच थांबायचं."

"तुमी एवढं जाणता, मंग तुमीच काऊन नाई करत?" त्याने सरळ मनाने विचारलं.

"करत होते," ती म्हणाली.

मला दोरी बांधायचं काम दिलं होतं. ताडपत्रीच्या कडेने दोरी ओढून मी गाठ मारली. मारली म्हणजे, दिसेल इतकीच मारली. टेम्पोवाला मागून आला, त्याने गाठ ओढून पाहिली. ती लगेच सुटली. त्याने दोरी माझ्या हातातून घेतली, गुडघा लावून आवळली आणि स्वतः घट्ट बांधली.

"अशानं रस्त्यात पडते, काका," तो म्हणाला. "बाजूले व्हा."

मी बाजूला झालो.